तारे, पट्टे आणि आमचे भावजी

इतिहास पुसता येत नाही, असं आमचे भावजी म्हणतात. अर्थात हे ते अमेरिकेबद्दल म्हणतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा त्यांनीच फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकून ‘चूक दुरुस्त झाली’ असं लिहिलं होतं. मी एवढंच विचारलं, की सगळ्या पाट्या आणि कागदपत्रं बदलायला खर्च किती येईल? त्यावर उत्तर आलं, की इतकी वर्षं बाहेर राहिलेल्यांनी यात तोंड घालू नये. मी तोंड मिटलं.

या वेळी मात्र राहवलं नाही. भाचा मित्रांबरोबर बुलेटवरून लडाखला निघाला आणि निघताना त्याने फोटो टाकला. डोक्याला रुमाल बांधलेला. लाल कापड, त्यावर निळी तिरकी फुली, फुलीत पांढरे तारे. मी लिहिलं, ‘अरे, तो रुमाल काढ. गुलामगिरी टिकवायला निघालेल्यांचा झेंडा आहे तो.’ पाच मिनिटांत उत्तर. ‘मावशी, चिल. त्याला स्टार्स अँड बार्स म्हणतात. रायडर लोकांचं डिझाइन आहे. एफसी रोडला मिळतं.’ त्याच्याखाली भावजी: ‘तिकडे पुतळे पाडायचे, झेंडे उतरवायचे फॅड आलंय, ते इकडे आणू नकोस. आपला काय संबंध?’ त्याच्याखाली ताईचा हात जोडलेला इमोजी. याचा अर्थ आमच्या घरात ‘विषय संपवा’ असा होतो.

विषय संपलेला नाही. एक तर त्याने नाव चुकीचं सांगितलं. ‘स्टार्स अँड बार्स’ हा तो झेंडाच नव्हे.

हे चुकीचं नाव फक्त पुण्यात घेतात असंही नाही. मी राहते त्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जन्मलेले, पणजोबा-खापरपणजोबा उत्तर-दक्षिण यादवी युद्धात लढलेले लोकसुद्धा सर्रास तसंच म्हणतात. खरा स्टार्स अँड बार्स म्हणजे दक्षिणेच्या फुटीर राज्यांचा, कॉन्फेडरसीचा, पहिला राष्ट्रध्वज. ४ मार्च १८६१ रोजी अलाबामातल्या माँटगोमेरीला तो पहिल्यांदा चढवला गेला. तिकडे वॉशिंग्टनला त्याच दिवशी लिंकनचा शपथविधी होता. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांच्या नातीच्या हस्ते झेंडा चढला. तीन आडवे पट्टे, लाल, पांढरा, लाल. वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन आणि त्यात गोलाकार मांडलेले सात तारे. राज्यं वाढत गेली तसे तारेही वाढले, शेवटी तेरा झाले. रेखाटन निकोला मार्शल नावाच्या प्रशियाहून आलेल्या चित्रकाराचं, असं बहुतेक जण मानतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका गृहस्थांनीही त्यावर हक्क सांगितला होता आणि तो वाद बरीच वर्षं चालला.

नावाची मेख इथेच आहे. अमेरिकेच्या झेंड्याला ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ म्हणत. घर सोडलं, पण घराण्याची ठेवण सोडवेना, म्हणून यांनी आपल्या झेंड्याचं नावही त्याच चालीवर ठेवलं. जुन्या झेंड्याची सवय आणि माया दक्षिणेत पुष्कळ होती. झेंडा समितीचे अध्यक्ष साउथ कॅरोलायनाचे विल्यम माइल्स. त्यांना हे साधर्म्य अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी वेगळं चित्र काढून आणलं होतं, लाल कापडावर निळी तिरकी फुली, म्हणजे आमच्या भाच्याच्या डोक्यावरचं चित्र. ते समितीत हाणून पाडण्यात आलं. पँटला लावायच्या गॅलसच्या जोडीसारखं दिसतं, अशी थट्टाही झाली.

फुली तिरकी का, याची एक गंमत आहे. माइल्सच्या डोक्यात मुळात उभा-आडवा क्रूस होता. पण चार्ल्स मोईझ नावाच्या दक्षिणेतल्याच एका ज्यू माणसाने कळवलं, की एका धर्माचं चिन्ह अख्ख्या राष्ट्राच्या माथी मारू नका. माइल्सने ऐकलं आणि क्रूस कलता केला. ज्यूंच्या भावना जपणारे हेच लोक पस्तीस लाख माणसं मालमत्ता म्हणून बाळगण्यासाठी देश फोडत होते. माणसाचा मन मोठं करायचा कप्पा कुठे उघडतो आणि कुठे कुलूपबंद राहतो, काही सांगता येत नाही.

मग ही फुली वर कशी आली? तर २१ जुलै १८६१ ची लढाई. दक्षिणेकडचे तिला मनॅससची लढाई म्हणतात आणि उत्तरेकडचे बुल रनची. म्हणजे लढाईच्या नावावरही एकमत नाही. वारा पडलेला, धूर दाटलेला, आणि दोन्हीकडचे झेंडे काठीला चिकटून लोंबलेले. लाल, पांढरं, निळं. समोरून येणारी पलटण आपली की शत्रूची? दुर्बीण लावूनही दक्षिणेच्या जनरल बोरेगार्डला उमजेना. लढाई जिंकली, पण धडा मिळाला, की लढताना ओळखू येईल असा झेंडा हवा. माइल्सची नाकारलेली फुली बाहेर काढली, ती चौकोनी कापडावर बसवली आणि रिचमंडमध्ये केरी घराण्यातल्या मुलींनी पहिले नमुने शिवले. हा ‘बॅटल फ्लॅग’. म्हणजे रणात ओळख पटावी म्हणून केलेलं निशाण. तो राष्ट्रध्वज कधीच नव्हता.

पुढे गंमत अशी, की लढाईचं निशाण लोकांच्या मनात बसलं आणि खरा राष्ट्रध्वज विस्मरणात गेला. पण नाव हवेत तरंगत राहिलं, आणि शंभरेक वर्षांत ते भलत्याच झेंड्यावर जाऊन बसलं. बसलंही चपखल, कारण फुलीत तारे आहेत आणि फुलीच्या दोन पट्ट्यांना कोणी ‘बार्स’ म्हटलं तर कोण अडवणार?

‘मग काय फरक पडला?’ भाचा विचारतो. लेहहून. तिथे नेटवर्क असतं हे मला माहीत नव्हतं.

फरक असा पडतो की ‘बॅटल फ्लॅग’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कसली बॅटल? ‘स्टार्स अँड बार्स’ म्हटलं की काहीच येत नाही. गोड नाव आहे, एखाद्या कॅफेचंही शोभेल. पहिला झेंडा चढला त्यानंतर सतराच दिवसांनी कॉन्फेडरसीचे उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सवाना शहरात भाषण करून सांगितलं होतं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामगिरी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, या सत्यावर आमच्या सरकारची कोनशिला बसवलेली आहे. मी माझ्या पदरचं सांगत नाही, ते भाषण ‘कोनशिलेचं भाषण’ म्हणूनच ओळखलं जातं. स्टीफन्स आमच्याच जॉर्जियाचे. ‘आमच्या’ असं मी म्हणते, त्याकडे पुढे येते.

दुसरा झेंडा १ मे १८६३ ला आला. पांढरंशुभ्र कापड आणि कोपऱ्यात ती फुली. त्याचं नाव ‘स्टेनलेस बॅनर’, निष्कलंक ध्वज. कायद्याच्या मजकुरात पांढऱ्या रंगाचा अर्थ दिलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर भावजी शोधून काढतील. पण सवानातल्या वर्तमानपत्राचे संपादक विल्यम थॉम्प्सन यांनी आठवडाभर आधी लिहून ठेवलं होतं, की आपण गोऱ्या माणसाचं दैवदत्त श्रेष्ठत्व राखायला लढतो आहोत, तेव्हा पांढरा झेंडा आपल्याला साजेसाच आहे. ही निष्कलंकता वारा नसला की नुसती पांढरी लोंबायची आणि शरणागतीचं निशाण वाटायची. म्हणून १८६५ च्या मार्चमध्ये कडेला उभा लाल पट्टा जोडला. त्याला लोक ‘ब्लडस्टेन्ड बॅनर’ म्हणू लागले. महिना-सव्वा महिन्यात दक्षिणेच्या जनरल लीने अ‍ॅपोमॅटॉक्सला शस्त्रं ठेवली. तो झेंडा फडकलेला फारसा कोणी पाहिलाच नाही.

भावजींचा मुद्दा असा, की हे सगळं तुमच्या तिकडचं. पोराने रुमाल बांधला, त्यात इतकं काय? आणि नावाचा एवढा कीस कशाला?

नावाचा कीस? भावजी, तुमच्यासमोर कोणी १८५७ ला ‘शिपायांचं बंड’ म्हणून दाखवावं! जेवणाच्या ताटावरून तुम्ही उठला आहात एकदा या कारणासाठी. स्वातंत्र्यसमरच म्हणायचं, असा तुमचा आग्रह, आणि तो मला मान्य आहे. मग चारच वर्षांनी दुसऱ्या खंडात झालेल्या युद्धाला तिथले हरलेले लोक ‘उत्तरेचं आक्रमण’ म्हणतात तेव्हा त्यामागे काय चाललंय, हे तुम्हाला माझ्याआधी कळायला हवं. कोणी जरीपटक्याला नुसता ‘झेंडा’ म्हटलं तरी तुमची सुधारणा तयार असते.

आणि आपला काय संबंध, हे तर पुण्यात बसून विचारूच नये. उत्तरेने दक्षिणेची बंदरं कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि त्यांनी मुंबईकडे हात पसरले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्या नावावर शेअर नाचले, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. नंतर १८७५ ला सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली, त्यामागच्या कारणांत इतिहासकार या घसरणीलाही जागा देतात. आपल्या एखाद्या पणजोबाची जमीन गहाण पडायला हा झेंडा अगदीच निमित्त झाला नसेल, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

त्याहून जवळचा संबंध आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. का, तर त्यांनी काळ्या लोकांना गुलामगिरीतून सोडवण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत हा कित्ता गिरवावा म्हणून. पुण्यात बसून, युद्ध संपून आठ वर्षं होतात न होतात तोच, त्या माणसाने कोणाची बाजू घ्यायची हे ठरवलं होतं. आणि त्याच पुण्यातला, बुधवार पेठेतून रोज गाडी काढणारा आमचा मुलगा हरलेल्या बाजूचं निशाण डोक्याला बांधून खारदुंग लाला फोटो काढतो. मला हसू येत नाही.

इथवर सगळं माझ्या बाजूने आहे. म्हणूनच भाच्याने परवा जे केलं ते मला लागलं. त्याने लेहहून परत आल्यावर बसून शोधाशोध केली (हे मात्र मला आवडलं) आणि दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवून पाठवली. एक, १८६१ चा खरा स्टार्स अँड बार्स. दुसरं, जॉर्जिया राज्याचा सध्याचा झेंडा. खाली एकच ओळ: ‘मावशी, तुझ्या राज्याचा झेंडा कोणता आहे?’

लाल, पांढरा, लाल. कोपऱ्यात निळा चौकोन, त्यात तेरा ताऱ्यांचं वर्तुळ. फरक एवढाच, की वर्तुळाच्या आत राज्याची मुद्रा आणि ‘इन गॉड वी ट्रस्ट’.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. इथे जे राहतात त्यांना माहीत असायला हवं. १९५६ मध्ये, म्हणजे शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दोन वर्षांनी, जॉर्जियाने राज्याच्या झेंड्यात ती फुली घातली. वारसा एकाएकी नव्वद वर्षांनी आठवला. २००१ ला गव्हर्नर रॉय बार्न्स यांनी ती काढली आणि एक निळा झेंडा आणला. झेंड्यांच्या अभ्यासकांनी त्याला अमेरिका-कॅनडातला सगळ्यात वाईट झेंडा ठरवलं, आणि दिसायला तो खरंच वाईट होता. बार्न्स पुढची निवडणूक हरले, त्याला झेंडा हे एक कारण होतं. नवे गव्हर्नर आले आणि २००३ ला आजचा झेंडा आला. २००४ ला लोकांचं मत घेतलं, सुमारे ७३ टक्के लोकांनी याला पसंती दिली.

हे मी भावजींना मोठ्या तोऱ्यात सांगत असे, की बघा, इथे निदान लोकांना विचारतात, तुमच्यासारखं सकाळी उठून अधिसूचना वाचायला लागत नाही. त्यातली मेख सांगत नसे. मतपत्रिकेवर दोनच झेंडे होते, २००१ चा आणि २००३ चा. ज्यांना फुली हवी होती त्यांना ती मिळाली नाही, पण त्यांना जो देऊन गप्प केलं तो कॉन्फेडरसीचा अस्सल राष्ट्रध्वज होता. कोणीही आरडाओरडा केला नाही, कारण लोकांनी ‘स्टार्स अँड बार्स’ हे नाव फुलीला दिलेलं. खऱ्याला ओळखायला कोणी उरलंच नव्हतं. आमच्या राज्याच्या राजकारण्यांची ही हातचलाखी मला आजही थक्क करते.

लेक दुसरीत असताना तिला शाळेतून राज्याचा झेंडा रंगवायला दिला होता. टेबलावर पालथं पडून तिने लाल खडू झिजवला आणि तारे मोजले. ‘आई, तेरा का?’ मी सांगितलं, पहिली तेरा राज्यं. अधिकृत उत्तरही तेच आहे, जॉर्जिया आणि देशाची मूळची इतर बारा राज्यं. पण कॉन्फेडरसीच्या झेंड्यावरही तेराच होते, फुटलेली अकरा आणि हक्क सांगितलेली केंटकी आणि मिसूरी. एकाच वर्तुळाला दोन हिशेब जुळतात. ज्याला जो हवा तो घ्यावा. लेकीला शाळेत स्मायली मिळाला.

या राज्यात हे कौशल्य जुनं आहे. कॉन्फेडरेट मेमोरियल डे म्हणून एप्रिलमध्ये सरकारी सुट्टी असायची. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या हत्याकांडानंतर २०१५ मध्ये कॅलेंडरवरून नाव काढलं आणि तिथे ‘स्टेट हॉलिडे’ लिहिलं. सुट्टी आहे तशीच आहे. दुकानाची पाटी बदलली, मालक आणि माल तोच. आणि फोर्ट बेनिंग! कॉन्फेडरेट जनरल हेन्री बेनिंग यांच्या नावाचा लष्करी तळ. २०२३ मध्ये तो फोर्ट मूर झाला. २०२५ ला पुन्हा फोर्ट बेनिंग झाला, पण आता म्हणे तो पहिल्या महायुद्धातल्या फ्रेड बेनिंग नावाच्या शूर कॉर्पोरलच्या नावाने आहे. आडनाव जुळणारा दुसरा माणूस शोधून काढला! हे कळल्यावर भावजी एवढे खूश झाले की त्या दिवशी त्यांनी मला स्वतःहून फोन केला. ‘डोकं आहे हं तुमच्या लोकांना.’

तुमच्या लोकांना. बघा, आलंच.

चार्ल्स्टनवरून आठवलं. १७ जून २०१५ ला एका गोऱ्या तरुणाने इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना मारलं. त्याचे फुलीच्या झेंड्याबरोबरचे फोटो निघाले. साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनासमोर तोच झेंडा होता. आधी तो घुमटावर होता, युद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने १९६०च्या दशकात चढवलेला, आणि २००० साली तडजोड म्हणून अंगणात आणलेला. ब्री न्यूसम नावाची तरुणी खांबावर चढली आणि तिने तो काढला. तिला अटक झाली, झेंडा पुन्हा चढला. मग विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर निकी हेलीने सही करून १० जुलैला तो कायमचा उतरवला. निकी हेली म्हणजे बॅमबर्गच्या रंधावांची मुलगी. वडिलांच्या डोक्याला पगडी. त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर अभिमानाचा पूर आला. मीही त्यात होते. आठ वर्षांनी, राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात, न्यू हॅम्पशायरमध्ये एकाने तिला विचारलं, यादवी युद्ध कशामुळे झालं? तिने सरकार, स्वातंत्र्य, वगैरे पुष्कळ सांगितलं. गुलामगिरी हा शब्द त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने सारवासारव केली, पण तोंडातून पहिल्यांदा काय निघालं ते निघालं.

तिला नावं ठेवायला मी आधी पुढे सरसावले, आणि मग बेतानेच बोलले. त्याला कारण आहे.

२०१४ च्या जानेवारीत अ‍ॅटलांटात दोन इंच बर्फ पडला आणि शहर ठप्प झालं, तो दिवस इथल्या कोणालाच विसरता येत नाही. माझी गाडी सबडिव्हिजनच्या उतारावर घसरून खड्ड्यात गेली. समोरच्या घरातले गृहस्थ आपला पिकअप घेऊन आले. मी पट्टा धरून मागे उभी, ते खाली वाकून हुक अडकवताहेत, आणि माझ्या नाकासमोर त्यांच्या मागच्या काचेवरचा स्टिकर. फुली. उन्हाने लाल रंगाचा गुलाबी झालेला, एक कोपरा उकललेला, खाली अक्षरं, ‘हेरिटेज, नॉट हेट’. वारसा आहे, द्वेष नाही. गाडी निघाली. मी आभार मानले, दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू दिले. ते गृहस्थ आजही सुट्टीला गेलो की आमची पत्रं गोळा करून ठेवतात. स्टिकरबद्दल मी एक अक्षर काढलेलं नाही. लडाखला निघालेल्या पोराला लगेच सुनावणारी मी, रस्त्यापलीकडच्या माणसाला इतक्या वर्षांत काही बोललेली नाही. हे मी ताईला सांगितलं होतं. ताईने भावजींना सांगितलं. आणि भावजींनी ग्रुपवर.

आता सांगते, का बोलले नाही. आम्ही राहतो ती फोर्साइथ काउंटी. हायवेच्या एक्झिट तेराच्या आसपास निम्मा बाजार आपलाच आहे, शाळा उत्तम, घरांचे भाव त्यामुळेच चढे. आम्ही शाळांसाठीच आलो. १९१२ साली या काउंटीतून हजाराहून जास्त काळ्या लोकांना धमकावून, घरं-चर्चं जाळून हाकलून दिलं होतं. पुढची पाऊणशे वर्षं इथे काळा माणूस राहायला धजावला नाही. १९८७ च्या जानेवारीत काही लोक बंधुभावाचा मोर्चा घेऊन आले, तेव्हा फुलीचे झेंडे नाचवणाऱ्या जमावाने त्यांच्यावर दगड-बाटल्या फेकल्या. आठवड्याने सुमारे वीस हजार लोक चालत आले. काउंटीचं मुख्य गाव कमिंग, तिथल्या चौकात, जिथून मी वळून कोथिंबीर आणायला जाते, तिथून.

म्हणजे जागा रिकामी केली गेली होती, आणि तिथे आम्ही आलो. आम्हाला कोणी दगड मारले नाहीत. आम्ही डॉक्टर, आम्ही आयटीवाले, आम्ही शांत, आमची मुलं स्पेलिंग बी जिंकणारी. मंडळात मी एकदा सुचवलं, की फेब्रुवारीत एखादं व्याख्यान १९१२ वर ठेवू. एक काका म्हणाले, ‘कशाला? आपण पाहुणे आहोत इथे.’ पाहुण्यांना कोणी प्रॉपर्टी टॅक्स लावत नाही, असं मी म्हणाले. सगळे हसले आणि संक्रांतीच्या वाणाचा विषय निघाला. म्हणजे इथे पाहुणी म्हणून बोलायचं नाही, आणि तिकडे परकी म्हणून बोलायचं नाही. माझं तोंड नक्की कुठल्या देशात चालणार आहे, हे एकदा कोणीतरी ठरवून द्यावं.

२००४ च्या त्या मतदानात मला मत नव्हतं, तेव्हा एच-वन व्हिसा होता. आता मत आहे, झेंडा मतपत्रिकेवर नाही. पण भाच्याला मी उत्तर दिलं, आणि ते लपवाछपवी न करता दिलं. होय, माझ्या राज्याचा झेंडा तोच आहे. मला तो नको आहे. मिसिसिपीने २०२० मध्ये फुली काढून मॅग्नोलियाचं फूल आणलं, तसं आमच्याकडे व्हावं असं वाटतं. तुझा रुमाल ही तुझी मर्जी, पण त्याला स्टार्स अँड बार्स म्हणू नकोस. कोणी विचारलं तर बॅटल फ्लॅग म्हण आणि कसली बॅटल तेही सांग. सांगायची लाज वाटली तर रुमाल आपोआप सुटेल. त्याने अंगठा पाठवला. या पिढीच्या अंगठ्याचा अर्थ मला लागत नाही.

उरले भावजी. त्यांना मी जुनी गोष्ट काढली. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत दलितांची घरं जळाली. मी तेव्हा लहान होते, पण औरंगाबादला आमच्या गल्लीत ओट्यावर बसून मोठी माणसं काय बोलत ते ऐकलंय. बाबासाहेबांना विरोध नाही हो, मराठवाड्याच्या अस्मितेचा प्रश्न आहे. खर्च किती, गरज काय, इतिहास असा पुसता येतो का? पिकअपच्या काचेवरचा तो स्टिकर वाचायला मला इंग्रजी शिकावं लागलंच नाही. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही जुनं नाव शाबूत ठेवून, नामविस्तार म्हणून. आणि माझा तो पाट्यांच्या खर्चाचा प्रश्न त्याच ओट्यावरचा होता, हे भावजींनी सुनवायच्या आधी मीच लिहून टाकलं.

तेव्हा तह असा मांडलाय. मी यापुढे छत्रपती संभाजीनगर म्हणेन, पूर्ण, न विसरता, फोनवरसुद्धा. त्यांनी विद्यापीठाचं नाव पूर्ण घ्यायचं. कारण ताईच्या घरात आजही, तीस वर्षांनंतर, ते ‘मराठवाडा युनिव्हर्सिटी’च आहे. भावजींचं म्हणणं, ते नाव फार लांब आहे, बोलण्याच्या ओघात येत नाही, जीभ वळत नाही. छत्रपती संभाजीनगर म्हणताना बरी वळते.